पाणथळीत अनवाणी

२ सप्टेंबर

दिवस मावळायच्या आत पोहोचलो. बसमधून खाली पाय टाकतो तोच धाकट्याने हातातली बॅग ओढून घेतली आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाला की दादा, हे तुझ्या आधी उतरलं बघ. दोन वर्षांनी भेटलो. त्याची बायको तापाने गेली तेव्हा सगळं आटोपल्यावर त्याने मला कळवलं होतं, आणि मी मनातून रुसलो होतो. त्याला हसताना पाहिलं आणि तो रुसवा विरघळला. वाळला आहे मात्र फार. खुंटीला अडकवल्यासारखा शर्ट लोंबतो अंगावर.

पाणवनस्पतींच्या अभ्यासाचं हे केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक बैठी इमारत. एका टोकाला स्वयंपाकघर, मधे नमुने वाळवायची खोली, दुसऱ्या टोकाला माझी खोली. खाट, टेबल, भिंतीत एक कोनाडा. कोनाड्यात देवाची तसबीर ठेवली, दिवा लावला आणि खिडकी उघडली. समोर नजर पोहोचेल तिथवर पाणी, आणि पाण्यावर फुलंच फुलं. इतकी वर्षं मी कॉलेजच्या वनस्पती विभागात कागदावर चिकटवलेली, वाळून तपकिरी झालेली फुलं सांभाळली. तीच इथे ओली, जिवंत, वाऱ्यावर मान हलवत उभी. विभाग बंद झाला तेव्हा वाटलं होतं, पन्नाशीच्या तोंडावर आता आपल्याला कोण विचारणार. पण देवाला काळजी असते. धाकट्याचाच फोन आला, की दादा, इकडे ये, जागा आहे.

केंद्राच्या प्रमुख बाई भेटल्या. साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, फार मऊ बोलणाऱ्या. म्हणाल्या, तुमचा भाऊ सारखं सांगतो की दादाला माझ्याशिवाय कोणी नाही. खरं तर मला एक लेक आहे, लांबच्या गावी सुखाने संसार करते आहे. पण धाकट्याच्या तोंडचं ते वाक्य ऐकून इतकं बरं वाटलं की मी ते दुरुस्त केलं नाही. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. त्याच्या लक्षात आहे म्हणायचं.

५ सप्टेंबर

कामाला लागलो. काम माझ्या हातचंच. धाकटा बांबूने नाव ढकलतो, बाई नावेत बसून बोट दाखवतात, मी पाण्यात उतरून रोप मुळासकट काढतो. मग वाळवणीच्या खोलीत टिपकागदांच्या थरांमध्ये पाकळी न पाकळी पसरून लाकडी चौकटीत आवळून ठेवायचं. फूल न आलेलं रोप घ्यायचं नाही, असा इथला नियम. फुलावाचून रोपाची ओळख पटत नाही.

काठाला लव्हाळा आणि नागरमोथा. यांनाही फुलं येतात हे लोकांच्या गावी नसतं, कारण ती फुलांसारखी दिसत नाहीत. भिंग लावलं की एकेका कुसळात केवढा संसार दिसतो. त्यापुढे पाणकणसं, डोक्याच्या वर गेलेली, तपकिरी मखमलीची. मग गुडघाभर पाण्यात बाणासारख्या पानांचं एक रोप, तीन पांढऱ्या पाकळ्यांचं. मग शिंगाड्याची नक्षी. मग कुमुदिनी, जिच्या पाकळ्यांना झालर असते, कोणी बसून कातरल्यासारखी. खोल पाण्यात कमळं. आणि या सगळ्यांच्या खाली, पाण्याच्या पोटात, बारीक फुग्यांची एक वनस्पती, वर पिवळं नाजूक फूल काढून साळसूदपणे उभी. खाली तिच्या फुग्यांत पाण्यातले किडे खेचले जातात.

एवढ्याशा पाणथळीत इतक्या जाती दुसरीकडे सापडायच्या नाहीत, असं बाई म्हणतात. शिवाय दर काही वर्षांनी इथे एखादं असं फूल उमलतं जे जगात कुठेच नोंदलेलं नसतं. त्यामुळेच भराव घालून ही जागा बुजवायचं अजून कोणाला धाडस झालेलं नाही.

पाण्यात बूट चालत नाहीत. बुटांच्या तळाला चिकटून बाहेरच्या तणांचं बी येतं आणि ते सगळं गिळून टाकतं. म्हणून हौदावर पाय धुऊन अनवाणीच उतरायचं. मला हे फार आवडलं. देवळात जावं तसंच झालं.

९ सप्टेंबर

इथे एक गंमत आहे. ज्या जाती फक्त इथेच सापडल्या त्यांना यांनी माणसांसारखी नावं ठेवली आहेत, आणि सकाळी त्यांची विचारपूस करायची यांची पद्धत आहे. एक उंच, ताठ, पिवळं फूल आहे, किंचित पुढे वाकून कोणाची तरी वही तपासत असल्यासारखं. त्याला मास्तर म्हणतात. धक्क्याजवळच्या पांढऱ्या थोराड फुलाला अण्णा. बाई नाव थांबवून अण्णांना नमस्कार करतात.

आत्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आत्या म्हणजे इथल्या स्वयंपाकीणबाई; सगळ्यांच्याच आत्या. त्या भांडी विसळायला धक्क्यावर येतात आणि मास्तरला फैलावर घेतात. आज म्हणत होत्या की बघा, मान कशी वर आहे, जन्मभर असंच, घरात काडी इकडची तिकडे केली नाही आणि ऐट मात्र कलेक्टरची. मी हसलो तर मलाच म्हणाल्या की तुला काय हसायला होतं बाबा, तुझं लग्न याच्याशी झालेलं नाही. धाकटाही हसला. फार दिवसांनी हसल्यासारखा खोकत खोकत.

त्या दोघांपासून दूर, पाणकणसांच्या आडोशाला, एक जांभळं फूल आहे. लहानसंच, जरा मलूल. त्याला काय म्हणता असं मी विचारलं. धाकट्याने बांबू रोवून नाव क्षणभर उभी केली आणि त्याला नाव ठेवलेलं नाही एवढंच म्हणाला.

१५ सप्टेंबर

टाचेत काटा गेला. धाकट्यानेच सांगितलं होतं की दादा, इथे पाय ठेव, इथली जमीन घट्ट आहे. आणि नेमकं तिथे काहीतरी टोकदार. कळ मस्तकात गेली. नावेत बसून पाय पाहिला तर रक्ताचा एक थेंब, आणि जखमेत काळं, वाटाण्याहून लहान असं काहीतरी रुतलेलं. मी नखाने काढायला गेलो तर बाई म्हणाल्या की राहू द्या, आपोआप वर येईल, कोरलं तर पिकेल. धाकटा दुसरीकडे बघत होता. रक्त पाहिलं की लहानपणीही त्याला भोवळ यायची.

दुखत मात्र नाही. उलट पाण्यात उभं राहिलं की टाचेला गारवा वाटतो.

२० सप्टेंबर

बाईंच्या बोलण्यात रोज काहीतरी शिकायला मिळतं. कमळ स्वतःची ऊब धरून ठेवतं, बाहेर कितीही गार असलं तरी. बोट घालून पाहिलं, खरंच कोमट. कुमुद पहिल्या दिवशी उमलतं तेव्हा त्याच्या वाटीत गोडसर पाणी असतं. माशी आत उतरते, गुळगुळीत कडेवरून घसरते आणि त्यातच बुडून मरते. तिच्या अंगावरचे परागकण पाण्यात सुटतात आणि फुलाचं काम होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याच फुलात माशा सुखरूप येतात-जातात. मी म्हटलं, पहिल्या माशीने काय पाप केलं होतं? बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. मग म्हणाल्या की पाप नाही दादा, तिच्यामुळे बाकीचं सगळं चालतं.

आणखी एक पाणवेल दाखवली. तिचं फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येतं, पराग मिळाला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फुलाला पाण्याखाली ओढून नेतो.

पाणी काही ठिकाणी काळं पडतं आहे. मास्तरची खालची पानं पिवळी झाली. आत्या आज त्याला रागावल्या नाहीत, नुसत्याच धक्क्यावर बसून राहिल्या. जांभळ्या फुलाने तर मान टाकली आहे.

२६ सप्टेंबर

आज जे घडलं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

रोज देवाला फूल वाहायची माझी सवय. इथे आल्यापासून काठावरची साधीसुधी फुलं वाहत होतो. आज वाटलं, ते जांभळं कोमेजूनच जाणार आहे, तर देवाच्या पायाशी तरी जावं. देठाला हात घातला. देठ कोमट होता. कमळासारखाच असेल म्हणून मी वाकवला, तोच धाकटा नावेतून असा ओरडला की पाणकणसांतले पक्षी उडाले. त्याने बांबूने माझा हात बाजूला मारला. मनगटावर अजून वळ आहे.

मग तो रडायला लागला. आई गेली त्या दिवशी माझ्या कुशीत रडला होता तसा, हमसून हमसून. पण नजर माझ्या मनगटाकडे नव्हती, फुलाकडे होती.

संध्याकाळी खोलीत येऊन क्षमा मागून गेला. म्हणाला, दुर्मिळ आहे ना, म्हणून. मी म्हटलं, जाऊ दे. पण आज देवापुढे फूल ठेवलं नाही, नुसता दिवा लावला.

१ ऑक्टोबर

टाचेतून एक पांढरा धागा बाहेर आला आहे. आधी टिपकागदाचा तंतू वाटला. ओढला तर कळ गुडघ्यापर्यंत गेली. भिंगाखाली धरून पाहिलं. मला मूळ ओळखता येतं. आयुष्य त्यातच गेलं.

बाईंना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं माझ्या काळजीने. म्हणाल्या, ओढू नका हं. रोज पाण्यात पाय घाला, बरं वाटेल.

३ ऑक्टोबर

अंग तापलं आहे. पाय कोरडे पडले की त्वचा ताणते, भेगा पडतात. बादलीत पाय बुडवून हे लिहितो आहे. धाकट्याला म्हटलं की बाईंच्या खोलीतून माझ्या लेकीला फोन कर, तिला म्हणावं ये आणि मला घेऊन जा. तो दारात उभा होता. फोन नीट लागत नाही म्हणाला. बघतो म्हणाला.

५ ऑक्टोबर

आज कोणाला न सांगता निघालो. रस्त्यापर्यंत कसाबसा पोहोचलो, बस मिळाली. पाणथळ मागे पडली तशी टाचेतली कळ वर चढायला लागली. मांडी, कंबर, छाती. घसा असा सुकला की शेजारच्या माणसाने दिलेली पाण्याची बाटली मी तोंडाला न लावता पायांवर ओतली. तो उठून दुसरीकडे जाऊन बसला. गाडी थांबवून मला रस्त्याच्या कडेला उतरवलं.

मातीत पडून होतो. देवाचं नाव घेत होतो आणि ते ओठांवर चिकटत होतं. मग केंद्राची जीप आली. धाकटा उतरला. त्याच्या हातात डबा होता, पाणथळीच्या पाण्याने भरलेला. त्याने माझे पाय मांडीवर घेतले आणि सावकाश पाणी घातलं.

इतकं सुख मला आयुष्यात झालं नव्हतं. मी रडलो. त्याचे हात धरले, त्याला आशीर्वाद दिले. म्हटलं, तू वेळेवर आलास. तो डबा रिकामा होईपर्यंत पाणी घालत राहिला.

मग माझ्या मनात आलं की मी आजारी पडेन हे कळल्यासारखा डबा आधीच भरून ठेवलेला कसा? तोही याच पाण्याने?

६ ऑक्टोबर

आता सगळं कळलं आहे. क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

दुपारी मी स्वयंपाकघराच्या मागच्या हौदात पाय सोडून बसलो होतो. आत धाकटा आत्यांना विचारत होता की नीट रुजलंय ना, मग ती अजून का सावरत नाही, आज तिची मान पाण्याला टेकली. आत्या म्हणाल्या, रुजलंय रे, पण फूल यायला हवं. तुझं तू बघ आता.

मी उठून दारात गेलो. धाकटा मला पाहून मागच्या मागे निघून गेला. आत्या पळाल्या नाहीत. चूल मंद केली, हात पुसले, बस म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. मास्तर हे मास्तरच आहेत, गावातल्या शाळेतले, त्यांचे यजमान. अण्णा हे बाईंचे वडील, हे केंद्र त्यांनीच उभं केलं. आणि ते जांभळं फूल म्हणजे माझी भावजय. ती तापाने गेली नाही. पाण्यात काम करायची, पायात बी रुतलं, कळेपर्यंत रुजली होती. कोणाचाच दोष नव्हता. पण ही पाणथळ मधूनमधून नवं फूल मागते. ते मिळालं नाही की पाणी काळं पडतं आणि आधीची एकेक करून कुजतात. भावजय सगळ्यात कोवळी, म्हणून आधी ती.

मी विचारलं, मीच का? रस्त्यावरचा कोणीही धरायचा होता.

आत्या म्हणाल्या की परक्याला हे पाणी घेत नाही, नुसतं नासवून टाकतं. ज्याच्यासाठी काठावर कोणीतरी जीव तोडून रडतं, त्यालाच फूल येतं. म्हणून आपलंच माणूस लागतं. धाकट्याने पुष्कळ दिवस काढले, तुझं नाव जिभेवर येऊ दिलं नाही, असंही म्हणाल्या. जणू त्याचं कौतुक करत होत्या.

मग माझ्यापुढे ताट ठेवलं. जेव म्हणाल्या, अजून जेवता येतंय तोवर.

७ ऑक्टोबर

धाकट्याला विचारलं. त्याने काहीच नाकारलं नाही. म्हणाला, दादा, ती मला ओळखते. नाव थांबवली की माझ्याकडे वळते. तू असतास तर काय केलं असतंस?

मी म्हटलं, तुला सांगितलं असतं. मी आपणहून उतरलो असतो की नाही ते देव जाणे, पण तू मला विचारायला हवं होतंस. तुला झोप यावी म्हणून रात्र रात्र पाठीवर घेऊन फिरलेला माणूस आहे मी. मला फसवून आणायची काय गरज होती?

तो म्हणाला, तू नाही म्हणाला असतास तर?



९ ऑक्टोबर

हौद पुरत नाही. धक्क्याच्या मोडक्या पायरीवर बसून असतो, कंबरेपर्यंत पाण्यात. वही प्लास्टिकच्या पिशवीत, पेन्सिल कानाला. पायांची बोटं आता वेगवेगळी जाणवत नाहीत. चिखलात खूप खोलवर काहीतरी पसरतं आहे आणि ते मीच आहे.

मुळं उपटायचा प्रयत्न केला. शुद्ध हरपली.

मानेच्या मागे एक गाठ आली आहे. बाई येऊन पाहून जातात. कळी म्हणतात तिला. किती हळुवार आवाजात.

११ ऑक्टोबर

कळी उघडत नाही.

धाकटा रोज काठावर येऊन बसतो. रडायला. मी पाहतो आहे. आईची आठवण काढतो, मी त्याला शाळेत पोचवायचो ते आठवतो, मोठ्याने बोलतो. डोळे चोळतो. पाणी येतंही, पण नजर पाणकणसांकडे वळते. अश्रू तिचे आहेत. माझ्या वाटणीचं त्याच्याकडे काही नाही.

बाई चिडल्या आहेत. मऊ आवाजातच त्याला म्हणाल्या की तुम्ही तर म्हणाला होतात, तुमचा दादावर फार जीव आहे.

मी हसलो. घशातून बुडबुड्यासारखा आवाज आला. ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याचं माझ्यावर प्रेम नाही, आणि तेवढ्यामुळेच मी अजून माणूस आहे. देवा, असलं कसलं वाचवणं हे.

१२ ऑक्टोबर

आवाज गेला. नाम मनात घेतो.

मास्तरचं शेवटचं पान गळलं. आत्या पाण्याच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता डोळ्यांत. हिशेब होता. धाकट्याला विचारलं की याचं दुसरं कोणीच नाही का रे.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मग —

मी मान हलवत होतो. नाही, नाही. मान आता फारशी हलत नाही.

१३ ऑक्टोबर

तो पायरीवर माझ्या शेजारी बसला. बूट घातले होते. रबरी, गुडघ्यापर्यंतचे. पहिल्यांदाच पाहिले त्याच्याकडे.

म्हणाला, दादा, तूच म्हणाला होतास ना, पोरीला बोलाव. काल केला फोन. लगेच लागला. ती निघालीच. फोनवरच रडायला लागली होती.

फोनवरच.

त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मानेवरच्या गाठीशी थांबला. काही दुखतंय का, विचारलं.

मी बोलावलं होतं. मीच. ती मला न्यायला येते आहे.

देवा तिची बस —

१४ ऑक्टोबर

सकाळ. हात जड. अक्षरं मोठी येतात.

तिचं माझ्यावर प्रेम आहे. याची मला कधीच शंका नव्हती. आज असावी असं वाटतं. तिने मला विसरावं. तिच्या घरी भांडण व्हावं, कोणीतरी अडवावं तिला. बापाबद्दल मनात काही अढी असेल तर ती आता वर यावी. काही आठवत नाही अढीचं. एकदाही रागावली नाही माझ्यावर.

ती रडली की गाठ उघडेल. आणि मला असं पाहून ती काठावर थांबायची नाही. पाण्यात उतरेल. हे धाकट्याला ठाऊक आहे. बाईंनाही. हौदाजवळ स्वच्छ टॉवेल ठेवला आहे.

जीपचा आवाज.

आली. निळा ड्रेस. थकली आहे. धाकट्याने तिची बॅग घेतली. बॅग ओढून घेतली आणि काहीतरी विनोद —

ती हसली नाही. कुठे आहेत बाबा, असं विचारते आहे. ओठांवरून कळतं.

बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून आणतात. हौदापाशी थांबल्या. पायांकडे बोट. ती वाकून चपला —

नको

वहीचं पान वर धरलं. ती बघत नाही. चेहरा शोधते आहे माझा. सापडत नाही तिला —

सापडला.

मानेमागे ऊन ऊन. काहीतरी सुटतं आहे, पाकळी पाकळी. वास येतो आहे. गोड —

बाळा मी बरा आहे. बघ मी हसतो आहे. बाळा मागे हो. डोळे पूस. मला काही झालेलं नाही मी तुझा कोणी नाही रडू नको रडू न